म्हैसुरी पोलादापासून टायटॅनियमपर्यंत : धातू केव्हा तुटतो?

सन १७९५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे जॉर्ज पिअर्सन नावाच्या वैद्याने एक निबंध सादर केला. मुंबईत तयार होणाऱ्या व तेथे ‘वूट्झ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पोलादाचे परीक्षण, असा त्या निबंधाचा विषय होता. मुंबईत राहणारे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी त्या पोलादाचे नमुने सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले होते. आपल्या मुंबईचे नाव पाश्चात्त्य धातुशास्त्राच्या इतिहासात असे मानाने झळकलेले पाहून कोणाही मराठी माणसास संतोष वाटेल. परंतु सत्य सांगावयाचे तर ते पोलाद मुंबईचे नव्हते. मुंबई हे केवळ बंदर. पोलाद होत असे ते तेलंगणात, सेलमच्या परिसरात आणि ज्या भूमीवर आपले मंडळ आज सुवर्णमहोत्सव साजरा करीत आहे त्या म्हैसूरच्या मुलखात. ‘वूट्झ’ हा शब्द कानडी ‘उक्कु’ म्हणजे पोलाद या शब्दाचा अपभ्रंश असावा, असे बहुतेक विद्वान मानतात.

आम्ही कला शाखेचे पदवीधर, केंद्र सरकारच्या सेवेत केस पिकविलेले; धातुशास्त्राशी आमचा संबंध जिज्ञासेपुरताच. तथापि म्हैसुरात राहून या भूमीच्या इतिहासाकडे पाहताना एक गोष्ट आम्हांस पुनःपुन्हा जाणवली. विमानासाठी टायटॅनियमचा पत्रा तापवून फुगविणारा आजचा अभियंता जो प्रश्न सोडवीत असतो, तोच प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी येथील लोहार सोडवीत होता. तो प्रश्न असा : हा धातू कोठवर ताणता येईल आणि कोठे तुटेल? या एका प्रश्नाचा म्हैसूरच्या भूमीवरून झालेला प्रवास सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

टिपू सुलतानाचा १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण येथे अंत झाल्यावर जिंकलेल्या मुलखाची पाहणी करण्यासाठी गव्हर्नर-जनरल वेलस्ली यांनी १८०० मध्ये डॉक्टर फ्रान्सिस बुकॅनन यांना पाठविले. गावोगाव हिंडून शेते, पिके, जाती, धंदे, बाजारभाव यांची त्यांनी केलेली टिपणे १८०७ मध्ये लंडनला तीन खंडांत प्रसिद्ध झाली. पोलादाच्या भट्ट्यांचे वर्णनही त्यांत सापडते. कच्च्या मातीची लहान निमुळती मूस करावयाची. तीत घडीव लोखंडाचा तुकडा, तरवडाच्या काटक्या आणि थोडी हिरवी पाने घालावयाची. मातीनेच तोंड लिंपून अशा कित्येक मुशी एकदम भट्टीत रचावयाच्या आणि भात्याने कित्येक तास जाळ धरावयाचा. लाकडातील कार्बन लोखंडात मुरे, त्यामुळे ते कमी उष्णतेस वितळे आणि मूस फोडली की तळाशी पोलादाची गोळी मिळे. तरवड म्हणजे आपल्या देशावरच्या माळरानात पिवळ्या फुलांनी बहरणारे तेच झुडूप. त्या काटक्यांतून लोखंडात दीड टक्क्याच्या आसपास कार्बन शिरे आणि एवढ्याने मऊ लोखंडाचे जगप्रसिद्ध पोलाद होई.

गोळी तयार झाली म्हणजे काम संपले असे मात्र नव्हते. गोळीच्या माथ्यावर मध्यापासून कडेकडे पसरणाऱ्या रेघा उमटल्या असतील तर धातू पुरता वितळला. माथा खडबडीत वा छिद्रयुक्त असेल तर आत दोष राहिला, असा कारागिरांचा आडाखा एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी वर्णनांत नोंदलेला आहे. घणाचा पहिला घाव घालण्यापूर्वीच कोणती गोळी दगा देईल हे ते लोक केवळ नजरेने ओळखीत. धातूच्या अपयशाचे भाकीत करण्याचे शास्त्र म्हणतात ते हेच. फक्त ते कागदावर नव्हते, डोळ्यांत होते.

बंगळूर-म्हैसूर रस्त्यावरील चन्नपट्टण आज लाखेच्या रंगीत लाकडी खेळण्यांसाठी आपणांस ठाऊक आहे. बुकॅनन तेथे गेले तेव्हा वाद्यांना लावावयाच्या पोलादी तारांसाठी तो गाव नावाजलेला होता आणि तेथील तारा दूरदूरच्या प्रांतांत जात. ज्यांच्या घरी तंबोरा आहे त्यांना हे सांगावयास नको की, तार चढविताना ती कोठे तुटेल हे हाताला आधी कळते. तारेला एखाद्याच ठिकाणी किंचित बारीकपणा आला की सारा ताण तेथेच एकवटतो, तेथे ती आणखी बारीक होते आणि क्षणार्धात तुटते. धातू ताणताना येणाऱ्या अपयशाचे हे मूळ रूप होय. पुढील विवेचन समजण्यास ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुरे.

स्कॉट यांनी पाठविलेले पोलाद युरोपातील कारागिरांच्या हाती पडले तेव्हा त्यांची मोठी पंचाईत झाली. तेथील लोहारास मऊ लोखंड शुभ्र होईतो तापवून ठोकण्याची सवय होती. त्याच रीतीने वूट्झ तापविले की घणाखाली त्याचे तुकडे होत. कारण आता स्पष्ट आहे. शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळते. पण दीड टक्का कार्बन असलेले पोलाद त्याच्या तीनशेएक अंश आधीच आतून वितळू लागते आणि त्यात स्फुरदाचा अंश असेल तर त्याहूनही लवकर. वरून घट्ट दिसणारी गोळी कणांच्या सांध्यांत ओली झालेली असे आणि घाव बसताच विस्कटे. येथील लोहार तिला मंद लाल ते चेरीच्या फळासारखा लाल, एवढ्याच रंगात ठोकीत; म्हणजे आजच्या मापाने सुमारे ६५० ते ८५० अंश. यापेक्षा थंड असता ती तडके, यापेक्षा तप्त असता ती विखुरे. या दोन अपयशांमधील अरुंद वाट भारतातील आणि पश्चिम आशियातील लोहारांना ठाऊक होती. दमास्कसच्या नावाने गाजलेल्या तलवारी ज्या पोलादाच्या होत, त्यातील पुष्कळसे पोलाद भारतातूनच जाई.

या कोड्याने युरोपातील थोरथोर मंडळी भारावून गेली. स्वतः लोहाराचा मुलगा असलेल्या मायकेल फॅरडे यांनी १८१९ मध्ये वूट्झचे पृथक्करण केले आणि जेम्स स्टोडार्ट या शस्त्रकारासह मिश्र पोलादांवर प्रयोग आरंभले. पॅरिसच्या टांकसाळीतील ब्रेआं यांनी शेकडो प्रयोगांनंतर या पोलादाचे रहस्य कार्बनच्या प्रमाणात असल्याचा निष्कर्ष काढला. रशियातील पावेल अनोसॉव्ह यांनी त्या जातीचे पोलाद स्वतः तयार करून १८४१ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. मिश्रधातूंच्या आधुनिक अभ्यासाची सुरुवात ज्या घटनांपासून मोजतात, त्यांत आपल्याकडील या पोलादाच्या गोळीचे स्थान मोठे आहे.

आणि इकडे काय झाले? इंग्लंडमधून यंत्रावर झालेले स्वस्त पोलाद येऊ लागले. १८५६ नंतर बेसेमरच्या पद्धतीने ते आणखी स्वस्त झाले. कोळशासाठी लाकूड मिळणे कठीण झाले. शस्त्रांची मागणी उरली नाही. एकोणिसावे शतक संपता संपता भट्ट्या विझल्या. चित्रदुर्ग जिल्ह्यातील घट्टीहोसहळ्ळी येथे जुन्या मुशींचे तुकडे संशोधकांना सापडले आहेत. पण ती मूस वापरणारा हात, तो रंग ओळखणारा डोळा मात्र कोठून सापडणार? गोळी पुन्हा तयार करता येईल; तिला किती तापवावे आणि कोणत्या क्षणी थांबावे, हे सांगणारा मनुष्य नाहीसा झाला. पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या लयास गेली, ती कोणी हिरावून घेतली म्हणून नव्हे. तर जाणणाऱ्यांनी ती लिहिली नाही आणि लिहिणाऱ्यांनी ती जाणून घेतली नाही म्हणून.

आता कथेचे दुसरे टोक पाहू. सन १९३४ मध्ये इंग्लंडात आणखी एका पिअर्सनने, सी. ई. पिअर्सन यांनी, बिस्मथ व कथील यांच्या मिश्रधातूची कांडी ताणली. सामान्य धातूची कांडी मूळ लांबीच्या निम्म्यानेही वाढण्याआधी बहुधा तुटते. ही कांडी सुमारे वीसपट लांब झाली तरी तुटेना. पुढे १९४५ मध्ये रशियन शास्त्रज्ञ बोचवार यांनी या गुणास नाव दिले, त्याचेच इंग्रजी रूप ‘सुपरप्लॅस्टिसिटी’. मराठीत आपण त्यास अतिआकार्यता म्हणू. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेतील बॅकोफेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये जस्त-ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर काम करून या गुणाचे मर्म उलगडले आणि काचेप्रमाणे धातूचा पत्राही हवेने फुगविता येतो हे दाखविले.

हे मर्म आमच्या भगिनीवर्गास आम्हांपेक्षा लवकर उमजेल, कारण गणेशोत्सवात त्या ते दरवर्षी करून दाखवितात. उकडीच्या मोदकाची पारी फाटू नये म्हणून काय लागते? पहिली गोष्ट, पिठी अगदी बारीक. जाडी पिठी असली की पारी चिरते. दुसरी, उकड ऊन असतानाच मळावयाची. निवली की तिला भेगा पडतात. तिसरी, हात हळू फिरवावयाचा. घाई केली की पारी एका जागी पातळ होऊन बोट आरपार जाते. धातूच्या अतिआकार्यतेच्याही नेमक्या याच तीन अटी आहेत. धातूचे कण अतिसूक्ष्म, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक असावेत. उष्णता वितळबिंदूच्या निम्म्याहून बरीच वर असावी. आणि ताण अत्यंत सावकाश द्यावा. मग कण फुटत नाहीत, एकमेकांवरून सरकतात.

सावकाशीचे महत्त्व एवढे का, हे तंबोऱ्याच्या तारेवरून कळेल. तार जेथे बारीक झाली तेथे ताणण्याचा वेग वाढतो. सामान्य धातूस त्या वेगाचे फारसे सोयरसुतक नसते, म्हणून तो तेथेच तुटतो. अतिआकार्य धातू मात्र वेग वाढताच त्या जागी अधिक विरोध करतो. त्यामुळे ताण शेजारच्या जाड भागाकडे सरकतो आणि बारीक जागा आपोआप सावरली जाते. वेगाला धातू किती प्रतिसाद देतो हे मोजण्यासाठी शास्त्रज्ञ एक घातांक वापरतात. वितळलेल्या काचेत तो एक असतो, नेहमीच्या धातूत फारच थोडा. तो सुमारे ०.३ च्या वर गेला की धातू अतिआकार्य समजावा. तुटण्याचे भाकीत करू पाहणारा अभियंता प्रथम हाच आकडा पाहतो.

टायटॅनियम हा धातू या विद्येचा मोठा लाभार्थी ठरला. कॉर्नवॉलच्या विल्यम ग्रेगर यांनी १७९१ मध्ये तो ओळखला आणि १७९५ मध्ये, म्हणजे वूट्झवरचा निबंध सादर झाला त्याच वर्षी, जर्मनीच्या क्लाप्रोट यांनी त्यास नाव दिले. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत त्याचे खनिज आहे. पोलादाच्या तोडीची ताकद आणि वजन निम्म्याहून किंचित अधिक, म्हणून विमान व अंतराळयाने यांना तो हवाच. परंतु थंड असता तो वाकविण्यास हट्टी. वाकविला तरी मागे फिरतो. त्याचा सर्वांत रूढ मिश्रधातू म्हणजे सहा टक्के ॲल्युमिनियम व चार टक्के व्हॅनेडियम असलेला. त्याचा पत्रा ९०० अंशांच्या किंचित वर तापवून, आर्गॉन वायूच्या दाबाने साच्यात हळूहळू फुगविण्याची रीत १९७० च्या दशकात अमेरिकेत प्रचारात आली. एक भाग फुगविण्यास कित्येकदा अर्धा तास वा त्याहून अधिक वेळ लागतो. पण पूर्वी अनेक तुकडे जोडून जे करावे लागे ते एका पत्र्यात होते.

येथे अपयश चार वाटांनी येते. पहिली वाट पातळपणाची. पत्र्याचा जो भाग साच्याला आधी टेकतो तो तेथेच चिकटून राहतो, पुढचे सारे ताणणे उरलेल्या भागाच्या वाट्यास येते. म्हणून साच्याचे कोपरे, जेथे पत्रा सर्वांत शेवटी पोहोचतो, तेथे तो सर्वांत पातळ होतो आणि फाटलाच तर तेथे फाटतो. दुसरी वाट पोकळ्यांची. कण सरकताना सांध्यांत सूक्ष्म छिद्रे पडतात, ती एकमेकांस मिळाली की चीर होते. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना ही व्याधी अधिक, टायटॅनियमला कमी. तिसरी वाट काळाची. फार वेळ तापत राहिल्याने कण मोठे होतात आणि धातू आपला गुण गमावून बसतो. चौथी हवेची. तप्त टायटॅनियम प्राणवायू शोषतो व त्याच्या पृष्ठावर ठिसूळ कवच धरते, म्हणून आर्गॉनची योजना. यांत खरी कसोटी अशी की घाई केली तर पहिली वाट, आणि फार रेंगाळले तर तिसरी. म्हैसूरच्या लोहारासमोर दोन अपयशांमधली अरुंद वाट होती, अगदी तशीच.

ही वाट आधीच आखून ठेवण्याच्या कामात म्हैसूरचे ऋण पुन्हा एकदा दिसते. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था १९०९ मध्ये उभी राहिली, ती जमशेटजी टाटांच्या दानावर आणि म्हैसूरचे महाराज कृष्णराज वडियार चौथे यांच्या दरबाराने दिलेल्या ३७१ एकर भूमीवर. याच संस्थेतील प्राध्यापक वाय. व्ही. आर. के. प्रसाद यांनी अमेरिकन सहकाऱ्यांसह १९८४ मध्ये एका टायटॅनियम मिश्रधातूच्या तप्त घडणीवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. धातूचे लहान नमुने निरनिराळ्या उष्णतेस व निरनिराळ्या वेगाने दाबून पाहावयाचे आणि त्यावरून एक नकाशा काढावयाचा, अशी ती कल्पना. आडव्या अंगास उष्णता, उभ्या अंगास वेग. नकाशातील काही प्रदेश निर्धोक, काही धोक्याचे. खलाशास सागराचा नकाशा जसा खडक दाखवितो, तसा हा नकाशा कारखानदारास धातू कोठे फाटेल ते दाखवितो. पुढे १९९७ मध्ये प्रसाद व शशिधर यांनी अनेक धातूंचे असे नकाशे एका ग्रंथात एकत्र केले. आता संगणक पत्र्याच्या प्रत्येक बिंदूची जाडी आगाऊ काढतो आणि सर्वांत अधिक ताणल्या जाणाऱ्या जागेचा वेग मर्यादेत राहील अशा बेताने दाब कसा वाढवावा ते सांगतो.

बंगळूरच्या विमान कारखान्याचा मुहूर्तही याच दरबाराच्या साह्याने झाला. सोलापुरात जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापिली तेव्हा म्हैसूर सरकारने जागा व भांडवल देऊन पाठबळ दिले. पुण्यात अभियांत्रिकी शिकलेले व मुंबई इलाख्याच्या सेवेत नाव कमावलेले सर विश्वेश्वरय्या यांनी त्याआधीच भद्रावतीस लोखंडाचा कारखाना आणला होता. महाराष्ट्र आणि म्हैसूर यांची देवघेव अशी धातूच्या कामातही जुनी आहे. पुढे १९७३ मध्ये हैदराबादेस विशेष मिश्रधातूंचा सरकारी कारखाना निघाला आणि २०११ मध्ये केरळात चवरा येथे टायटॅनियमचा कच्चा धातू देशातच होऊ लागला.

या साऱ्या कथेतील सर्वांत नवलाचा भाग आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ओलेग शर्बी व त्यांचे सहकारी अतिआकार्य पोलाद शोधीत होते. एक ते दोन टक्के कार्बन असलेले पोलाद योग्य रीतीने लाटून त्याचे कण अतिसूक्ष्म केले, तर ते सुमारे ६०० ते ८५० अंशांत मूळ लांबीच्या कित्येक पट ताणले जाते असे त्यांना आढळले. नंतर त्यांच्या ध्यानात आले की कार्बनचे हे प्रमाण जुन्या वूट्झचे आहे आणि उष्णतेची ही मर्यादा जुन्या लोहारांच्या लाल रंगाची आहे. शर्बी व जेफ्री वॉड्सवर्थ यांनी १९८० मध्ये व पुन्हा १९८५ मध्ये हे साम्य जगापुढे मांडले. जुन्या तलवारींवरील नक्षीचे मूळ कशात, याविषयी विद्वानांत पुढेही मतभेद झाले आणि जुने लोहार अतिआकार्यतेचा गुण जाणूनबुजून साधीत असे म्हणण्यास आधार नाही. परंतु जी अरुंद वाट त्यांनी डोळ्यांनी शोधली होती, तीच प्रयोगशाळेने मोजून पुन्हा शोधली, एवढे निर्विवाद. मध्ये पाऊणशे-शंभर वर्षांचा अंधार पडला. आपल्याकडील ही परंपरा पुन्हा नीट मांडण्याचे काम शारदा श्रीनिवासन व श्रीनिवास रंगनाथन यांनी २००४ मध्ये ग्रंथरूपाने केले, हे आनंदाने नमूद करावयास हवे.

अपयशाचे भाकीत ही अशुभ गोष्ट नव्हे. जो कोठे तुटते हे जाणतो तोच निर्धास्तपणे ताणू शकतो. ज्यास ते ठाऊक नाही तो एक तर भीतीने धातू जाड ठेवतो, नाही तर उत्साहाने फाडतो. संसारात आणि संस्थेतही हे खरे आहे. पन्नास वर्षे परमुलखात मंडळ चालविणाऱ्यांना कोठे ताण द्यावा व कोठे थांबावे हे ठाऊक होते, म्हणूनच आजचा दिवस उगवला.

बुकॅनन हा आमच्यासारखाच सरकारी नोकर. त्याला पोलाद करता येत नव्हते. फिरतीवर असताना जे दिसले ते त्याने त्या त्या दिवशी लिहून ठेवले, आणि आज म्हैसूरच्या भट्ट्यांविषयी आपण जे सांगू शकतो त्यातील बराच भाग त्या दफ्तरी सवयीचे देणे आहे. आमच्या वाचकांत कोणी कारखान्यात आयुष्य काढले आहे, कोणी प्रयोगशाळेत, कोणी रेल्वेत, कोणी स्वयंपाकघरात. प्रत्येकाच्या हाताला अशी एखादी गोष्ट ठाऊक आहे, जी कोणत्याही पुस्तकात नाही. ती त्यांनी मराठीत लिहून ठेवावी. शाई धरेल एवढा कागद प्रत्येक घरात आहे. आणि विझलेली भट्टी पुन्हा पेटविण्यापेक्षा ते काम पुष्कळ सोपे आहे.